टिकलीपर्यंतचा आवाज

शेवटच्या संध्याकाळी आम्ही भांडलो. भांडण घोडेस्वारांवरून होतं, आणि ते घोडेस्वार कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे होते.

मी म्हणत होतो, घोडे बाहेर काढू आणि शत्रूला नदीच्या उतारावर गाठू. बायको म्हणत होती, फाटक लावा आणि आत बसा.

"बसून काय होतं?" मी म्हणालो.

"बाहेर जाऊन काय होतं ते मागच्या खेपेला ऐकलं मी. एकेक घोडा मरताना ऐकला."

"अगं, तेव्हा चिखल होता."

"आताही चिखलच आहे. पाय कसे वाजतायत त्यावरून कळतं मला. तुम्हाला नुसतं हिरवं दिसतं."

डाव तिचा होता. आमच्यात एक डाव माझा, एक तिचा. तिच्या डावाला कॉम्प्युटरचा उंदीर, म्हणजे माऊस, धरलेला हात माझा, हुकूम तिचा. मी हात आखडून बसलो. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, "जाऊ दे. आज डोकं चालत नाही माझं. उद्या बघू. पण माझ्या डावाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

मग चाचपडत तिने स्पीकरचं बटण बंद केलं आणि पडद्यावर फडकं टाकलं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि खिचडी वाढली. ती म्हणाली, मीठ कमी आहे. जन्मभर आचारीपणा केलेल्या माणसाला ती हे रोज ऐकवायची. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला मोरीत गेली ती तिथेच भिंतीला टेकून बसली. मी हाक मारली. तिने ओ दिली असती तरी मला ऐकू आली नसती, म्हणून मी बराच वेळ आत गेलोच नाही, चहा उकळवत राहिलो. गेलो तेव्हा संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. चौघांनी उचललं, आणि शिंदे घाटावरून पुढे नेलं. लांब जावं लागत नाही आम्हाला. काशीत राहण्याचा तेवढा एक फायदा.

घरी आलो तेव्हा पडद्यावर फडकं तसंच होतं. खाली तिचा डाव.

मला लिहायचा सराव नाही. शाळा चौथीत सुटली आणि मी बापाच्या हाताखाली रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथेच म्हातारा झालो. रॉकेलचे मोठे पंपाचे स्टोव्ह होते तेव्हा. पाच-सहा एकदम पेटले की समोरचा माणूस ओरडला तरी ऐकू जायचं नाही. त्या गोंगाटात माझे कान गेले. आधी बारीक आवाज गेले. घंटी, शिट्टी, चिमण्या. मग उजवा कान पुरता गेला. डाव्यात थोडं शिल्लक आहे, जवळ येऊन मोठ्याने बोललं तर कळतं. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं होतं. त्यात पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, खालची स्कूटर ऐकू येते. माणूस तेवढा ऐकू येत नाही. ते कपाटात आहे.

तिचे डोळे काचबिंदूने गेले. हळूहळू गेले, बाजूने आत. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी घरात कुठे धडकायची नाही. मी धडकायचो, तिच्यावर.

ती मूळची कृष्णाकाठची, साताऱ्याकडची. लग्न होऊन इथे आली आणि मग फार तर दोनदा माहेरी गेली असेल. तिथून तिने एक सारीपाट आणला होता, कापडाचा, सोंगट्यांसकट. खेळात मोठी पक्की होती. पाठशाळेतल्या गुरुजींच्या बायका तिच्याशी खेळायला यायच्या आणि चरफडत परत जायच्या. तिच्या माहेरी एक रीत होती. डाव अर्धा राहिला तर पट उघडा टाकून उठायचं नाही, वर फडकं घालायचं. आणि पुन्हा बसताना, ज्याचा डाव असेल त्यानेच फडकं उचलायचं. दुसऱ्याने उचललं तर तो हरला. ही रीत तिने माझ्या घरात आणली आणि कधी मोडू दिली नाही. एकदा माझ्या आईने जेवायचं पान मांडायला फडकं उचललं होतं. तर म्हणे, "सासूबाई, तुम्ही हरलात." आई खेळतही नव्हती.

डोळे गेल्यावर ती पट हाताने चाचपून खेळायची. पण मला त्यात काही रस येईना. तिला सगळं पाठ, मला काहीच नाही.

कॉम्प्युटर मुलाचा. कॉलेजात असताना घेतलेला, जुना, मोठा डबा. बँकेत नोकरी लागून तो इंदुरास गेला तेव्हा इथेच ठेवून गेला, की आम्ही त्यावर त्याला बघू शकू. त्याला बघायचं म्हणजे मी बघायचो, ती ऐकायची, आणि दोघं मिळून एक बोलणं पुरं करायचो. तो काय म्हणाला ते ती मला सांगायची. तो कसा दिसतो ते मी तिला सांगायचो.

"सुटलाय," मी म्हणायचो.

"आवाजावरूनच वाटलं," ती म्हणायची.

त्या डब्यात त्याचा कॉलेजातला एक खेळ होता. एका दिवाळीला तो आला तेव्हा खेळत बसला होता, आणि ती भिंतीशी बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "घोडे आले का रे?"

तो म्हणाला, "आई, तुला कसं कळलं? मला अजून दिसलेच नाहीयेत."

तिथून सुरू झालं.

खेळ असा की एक मोठा मुलूख असतो, वरून तिरका पाहिल्यासारखा. त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरं पाडलेली. आपली गावं, आपले शिपाई, आपले घोडे. आधी आपण आपली माणसं हलवायची, मग तो हलवतो. तो म्हणजे कॉम्प्युटर. ती त्याला 'मेला' म्हणायची. घाई कसलीच नाही. आपण उठून वरणाला फोडणी घालून आलो तरी तो थांबतो. मुलगा म्हणाला, बाकीच्या खेळांत असं नसतं, तिथे पटापट मारावं लागतं. आम्हाला पटापट काही जमत नव्हतं, म्हणून हाच बरा.

चित्रं सांगायची तर फार चांगली म्हणणार नाही. डोंगर छान आहेत, बोटाने दाबल्यासारखे. झाडं सगळी एकाच झाडाची. शिपायाला तोंड नाही. त्याच्यावर बोट ठेवलं की भाला वर करतो आणि जागच्या जागी पाय आपटतो. एक तुकडी म्हणजे माणसांचा झुबका. मार बसला की झुबक्यातली माणसं फिकी होतात आणि पुसली जातात. रक्त नाही, पडलेला माणूस नाही. घर जळलं की धुराचे तेच तीन पुंजके वर जातात आणि पुन्हा खालून सुरू होतात. सावल्या सगळ्यांच्या उजवीकडे. कितीही डाव झाले तरी उजवीकडेच. तिथे संध्याकाळ होत नाही.

पाणी तर अगदीच फालतू. चकाकी सरकते, पण दोन घरांच्या सांध्यावर तुटते. खिडकीतून गंगा दिसते आमच्या. तिला पाहून मग त्या नदीकडे पाहवत नसे.

"नदी कशी आहे?" ती विचारायची.

"टिनाच्या पत्र्यासारखी."

"जरा नीट सांगा की."

"निळ्या टिनाच्या पत्र्यासारखी."

जिथे आपला माणूस पोचला नाही तो भाग काळा असतो. पहिल्यांदा मी तिला सांगितलं की अगं, अर्ध्याच्या वर पडदा काळाच आहे, तर म्हणाली, "मग तेवढ्यात मला घ्या. माझी रोजची वाट आहे ती."

आणि खरंच तसं झालं. चित्र काळ्यापाशी थांबायचं, पण आवाज थांबायचा नाही. त्याच्या डावाला काळ्यातून टापा यायच्या, गाड्यांची चाकं करकरायची, ढोल वाजायचा. स्पीकरचे डबे दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. ती मधोमध बसायची आणि कान लावून सांगायची की मेला कुठून येतोय. रेतीवर पाय कसे वाजतात, चिखलात कसे, पुलाच्या लाकडावर कसे, हे तिने महिन्याभरात ओळखून घेतलं. एकदा म्हणाली, "बर्फ पडलं वाटतं." मी पाहिलं तर वरच्या कोपऱ्यातून मुलूख पांढरा होत चालला होता. आम्ही दोघांनी आयुष्यात बर्फ पाहिलं नव्हतं. तिने ते पायाच्या आवाजावरून ओळखलं, कुरकुरीत झाला म्हणे.

पण मला सांगायचं म्हणजे माझ्या डाव्या कानाशी ओरडावं लागे. "घोडे! डावीकडून! ओढ्यातून!" गल्ली अरुंद, खिडक्या समोरासमोर. खालचा पानवाला दुसऱ्या दिवशी मला म्हणायचा, "का चाचा, काल फिर चाची से हार गइला का?" मग तिने दुसरी तऱ्हा काढली. माझा डावा हात ती आपल्या मांडीवर घ्यायची आणि मनगटावर वाजवायची. बोटांची टोकं म्हणजे घोडे. मूठ म्हणजे ढोल. नखाने ओढलं की चाकं. आणि सपाट तळवा ठेवला की घंटा.

मुलाने खेळात एक गाणंही वाजेल असं ठेवलं होतं, तंतुवाद्यासारखं काही. ते पुन्हा पुन्हा फिरून तेच यायचं. चार दिवसांनी ती भाजी चिरताना तेच गुणगुणायला लागली आणि स्वतःवरच चिडली. मुलाला फोन करून म्हणाली, "ते रडगाणं बंद कर, लढाई तेवढी राहू दे." त्याने कुठे काय दाबायचं ते मला फोनवरून सांगितलं. मला ऐकू येईना, तिने ऐकून मला सांगितलं, मी दाबलं. एवढ्यात दुपार गेली.

आवाज किती ठेवायचा ही एक कटकट होती. मला ऐकू येत नाही म्हणून मी बटण भलतंच फिरवून ठेवायचो आणि तिचे कान फुटायचे. शेवटी तिने कपाळावरची टिकली काढून स्पीकरच्या बटणाशेजारी चिकटवली. बटणावरचा उंचवटा फिरत टिकलीपाशी आला की बस. बोटाला कळायचं. टिकली निघाली की नवी लावायची. आमच्या स्पीकरला सौभाग्य होतं.

त्या मुलखात नदीच्या काठी एक लहानसं गाव होतं. पहिल्या डावापासून आमचं. तिने विचारलं, "देऊळ आहे का तिथे?"

मी म्हणालो, "नाही. एक चौकोनी काहीतरी आहे, वर लाल."

"मग देऊळच. आणि घाट?"

"दोन रेघा आहेत पाण्यापाशी."

"मग घाटच." तिने त्या गावाचं नाव माहेर ठेवलं.

प्रत्येक डावाच्या सुरुवातीला एक घंटा वाजायची. ती म्हणायची, ही माहेरची. गाव उभं आहे तोवर वाजणार. त्यांच्या गावात नदीवरच्या देवळात अशीच होती म्हणे, अर्ध्यावर चीर गेलेली, म्हणून आवाज ठसका लागल्यासारखा. डाव उघडला की ती आधी ऐकायची, मग माझ्या मनगटावर तळवा ठेवायची. आहे गाव. चला खेळू.

बाकीची गावं गेली-आली. आम्ही हरलो, पुन्हा मांडलं, पुन्हा हरलो. माहेर तिने कधी पडू दिलं नाही. त्याच्यासाठी बाकी सगळं सोडून द्यायची. मी म्हणायचो, अगं, एका खेड्यापायी चार शहरं घालवतेस. ती म्हणायची, शहरं तुमची. आणि शेवटच्या त्या संध्याकाळी मेला पहिल्यांदाच खुद्द माहेरच्या फाटकाशी येऊन बसला होता.

सुतकात घर माणसांनी भरलं. मुलगा-सून आली. शेजारच्या गुरुजींच्या पत्नी सकाळ-संध्याकाळ जेवण आणायच्या. मला स्वयंपाकघरात जाऊ देत नव्हते. मी कोपऱ्यात बसून फडक्याकडे बघत राहायचो. जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता तो.

एका दुपारी सगळे आडवे झालेले. माझ्या मनात आलं, फडकं उचलायचं नाही हे बरोबर, डाव तिचा आहे. पण ऐकायला काय हरकत? मुलाने असं करून ठेवलं होतं की बटण दाबलं की खेळ सोडला तिथेच उघडायचा. मी बटण दाबलं. फडक्यामागे उजेड झाला. स्पीकर लावला, टिकलीपर्यंत बटण नेलं. काही नाही. टिकलीच्या पुढे नेलं. काही नाही. मग शेवटपर्यंत फिरवलं आणि डावा कान डब्याला लावला.

ढोल आला, फाटकाशी बसलेल्या मेल्याचा. खरंच आला, पोटातून आल्यासारखा. मी डोळे मिटले. इतकी वर्षं ती अशी बसायची. घोडे ऐकू येतात का म्हणून मी थांबलो. घंटेसाठी थांबलो.

खांद्यावर कोणीतरी हात आपटला. मुलगा होता, तांबडाबुंद. त्याने मागची वायरच ओढली. दारात गुरुजींच्या पत्नी, त्यांच्या मागे जिन्यात माणसं.

"भावजी, अहो घरात सुतक," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आणि हे नगारे कसले? घाटापर्यंत ऐकू येतायत. मला वाटलं वरात शिरली गल्लीत."

"मला ऐकू येत नव्हतं," मी म्हणालो.

"ते सगळ्यांना कळलं हो."

खालून पानवाला वर बघत होता. एरवी चेष्टा करणारा माणूस, त्या दिवशी मान खाली घालून पानं पुसायला लागला. ते जास्त लागलं.

रात्री जेवताना मी मुलाला विचारलं, "तू वायर ओढलीस त्याच्या आधी घंटा वाजली का?"

"कुठली घंटा?"

"गाव उभं असलं की वाजते ती."

त्याने ताट बाजूला केलं. मग जवळ सरकला. "बाबा, ती घंटा गावाची नाहीये. डाव उघडला की तो टण् असा आवाज होतो, तुमचा डाव आला हे सांगायला. गाव असो नसो. सगळी गावं गेली तरी वाजतो."

मी भात कालवत राहिलो. तिला हे ठाऊक होतं का? मग कळलं, ठाऊक असायचं कारणच नाही. माहेर कधी पडलंच नव्हतं. पडल्यावर घंटा वाजते की नाही हे तिने ऐकायचं कधी?

सून म्हणाली, "खेळच आहे ना, बाबा."

"खेळच आहे," मी म्हणालो.

तेरावा झाल्यावर मुलाने विषय काढला. मी इंदुरास चलावं. एकटं इथे काय करणार, जिने चढायचे, माकडं, बिजलीचा भरवसा नाही. आणि हा डबा आता काढून टाकू, जुना झालाय, वायरी उघड्या पडल्यात, कधी आग लागेल. तिकडे नवीन घेऊन देतो.

"तिचा डाव बाकी आहे," मी म्हणालो.

तो फडक्यापाशी गेला. मग म्हणाला, "मी खेळून टाकू का? मला त्यातल्या युक्त्या माहीत आहेत. वाचवून देतो गाव. पाच मिनिटांचं काम."

"नको."

"मग तुम्ही खेळा."

"तिने हात लावू नका सांगितलंय."

"मग तसंच राहू दे. कोणी खेळलंच नाही तर गाव पडणारही नाही. कायमचं राहील." हे तो मला बरं वाटावं म्हणून बोलला. आणि मला बरं वाटलं. तो सगळा दिवस मी तेच धरून बसलो होतो. फडकं उचलायचं नाही, मेला फाटकाशी बसून राहील, माहेर उभं राहील, मी मरेपर्यंत.

संध्याकाळच्या गाडीने ती दोघं गेली. डबा राहू दिला. मुलगा निघताना जिन्यात थांबून म्हणाला, "बाबा, इंदूरचा विचार करा." मी म्हणालो, करतो. विचार केला नाही.

घर मोकळं झालं. मी खिचडी टाकली, पहिल्यांदा माझ्या हातची. मीठ कमी आहे असं कोणी म्हणालं नाही. मी फडक्यासमोर ताट घेऊन बसलो आणि मला तिचाच राग आला. बायकांना ती पटावर किती टोचायची! कोणी सोंगटी हातात धरून बसली की, "खेळा की बाई, हातात धरून सोंगटी घरी जात नाही." आणि स्वतः मात्र डाव टाकून उठली. कधी उठायची नाही ती अशी. त्या दिवशी डोकं चालत नाही म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं काही. कळलं नाही. मला घोडे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगेवर गेलो नाही. चहा ठेवला नाही. आम्ही नेहमी संध्याकाळी खेळायचो, पण संध्याकाळची वाट पाहिली असती तर मी पुन्हा हात आखडला असता. मागची वायर लावली. डबा सुरू केला. स्पीकरचं बटण टिकलीपर्यंत नेलं, पुढे नाही. टिकली सुकून एका बाजूने सुटली होती, ती अंगठ्याने दाबली. मग फडकं उचललं. तिच्या माहेरच्या रीतीने मी त्याच क्षणी हरलो होतो. ते मला कबूल होतं.

मुलूख तसाच होता. सावल्या उजवीकडे. मेल्याची माणसं फाटकाशी, जागच्या जागी पाय आपटत. मी उंदीर धरला. माझ्या मनाने असतं तर अजूनही घोडे बाहेर काढले असते. मला तेच बरोबर वाटतं, आजही. पण डाव तिचा होता. मी एकेक घोडा आत घेतला. उतारावरचे भालेवाले आत घेतले. नदीपलीकडची चौकी तिनेच केव्हातरी सोडायला सांगितली होती, तेव्हा मी ऐकलं नव्हतं, ती सोडली. फाटक लावलं. पुढे करायला काही उरलं नाही. बसायचं, एवढंच.

डाव संपवायचं बटण खाली कोपऱ्यात असतं. त्यावर बाण नेऊन मी डावा हात स्पीकरच्या डब्यावर ठेवला, तळवा सपाट. आणि दाबलं.

त्याचा डाव लांबला. डब्याला बारीक कंप यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. घोडे होते की ढोल, मला सांगता यायचं नाही. भिंतीचा एक तुकडा गेला. फाटकामागची माणसं फिकी झाली, पुसली गेली, झुबका अर्धा झाला. मेला बदडत होता. भालेवाल्यांतले थोडे राहिले. मग त्याची माणसं फिकी व्हायला लागली. मग पडदा थांबला.

हाताखाली डबा एकदा हलला. टण् झालं असणार. गाव असो नसो, ते होणारच होतं, म्हणून मी त्यावर विसंबलो नाही. डोळे बारीक करून पाहिलं. नदीच्या पत्र्याशेजारी दोन रेघा होत्या. चौकोनी काहीतरी होतं, वर लाल. निशाण आपलं.

घोडे सगळे शाबूत होते. तिचंच बरोबर निघालं.

मी खेळ ठेवून दिला, स्पीकर बंद केला आणि पडद्यावर फडकं घातलं. मग उठून चहा करून प्यालो, आणि आंघोळीला खाली घाटावर गेलो. आता डाव माझा आहे. फडकं मीच उचलायचं, संध्याकाळी.